मागची डावी काच

आधी पाणी. नुसतं पाणी, भरपूर.
सुका फडका काचेला लावायचा नाही, कधीच.
कुडचड्याची धूळ म्हणजे लोखंड,
घासलीस तर ओरखडा देऊन जाते
आणि ओरखड्याला औषध नाही.
मंजुनाथला हे पहिल्याच दिवशी सांगितलं.
त्याने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी
डॉक्टर प्रभुदेसायांच्या नव्या गाडीला
सुका फडका लावला.

खाणी चालू होत्या तेव्हा डाग ओळखावे लागत नसत.
एकच रंग होता.
माड तांबडे, कुत्री तांबडी,
सकाळी थुंकलं तरी तांबडं.
खाणी बंद पडल्या आणि काचांवर
बाकीचं जग दिसायला लागलं:
बोअरच्या पाण्याची पांढरी वर्तुळं,
फणसाचा चीक, वटवाघळांनी केलेली घाण,
आणि कुणा उमेदवाराचा अर्धा कान,
स्टिकर सोलला तरी मागे राहिलेला.

वर्तुळांना माडाचं व्हिनेगर.
कापड भिजवून काचेला चिकटवायचं आणि
तोवर चहा पिऊन यायचं. घाई केली की वर्तुळ हसतं.
चिकाला खोबरेल.
कानाला हुर्राक, दोन थेंब
(मंजुनाथचं म्हणणं, दोन थेंब आधी आपण घ्यावेत,
हात हलका चालतो),
मग ब्लेड, अगदी झोपवून, साबणाच्या पाण्यावरून,
झोपलेल्या माणसाची दाढी करावी तसं.
बायको म्हणाली, पितळेला बिंबलं चोळतात, काचेला का नको?
चोळली. मुंग्या आल्या.

लिगोरबाबांची गाडी ढकलत आणली.
चार वर्षं जांभळाखाली, ताडपत्रीत.
रंग मरून, असं कागदपत्रांत लिहिलेलं.
सांग्याचा कोणीतरी घेतोय, उद्या येईल, म्हणाले,
सगळं काढ, एक डाग ठेवू नकोस.
पैसे आधीच दिले, दोनदा मोजून,
आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले
गाडीकडे पाठ करून.

दुपार उलटली तेव्हा काच काचेसारखी झाली.
आतून नुसता ओला फडका फिरवला होता,
आत काय असणार?
पण माझी एक सवय आहे. शेवटी मी काचेवर हाऽ करतो.
डोळ्याला दिसत नाही ते तेल
तोंडाच्या वाफेला दिसतं.

मागची डावी काच. खाली, लहान कोपर टेकेल तिथे.
दोन उभ्या रेघा, दोन आडव्या.
चार फुल्या, चार गोळे,
एक घर रिकामं.
बघता बघता वाफ विरली, खेळही.
पुन्हा हाऽ केला. पुन्हा आला, तसाच,
गोळ्यांपैकी एक जरा घाईत काढलेला, न मिटलेला.

फुलीची पाळी होती.
मध्येच शाळेचं फाटक आलं असेल.
किंवा दाबोळीचा विमानतळ.

रिकामं घर कोपऱ्यातलं. हिशेब केला:
तिथे फुली पडली तरी कोणी जिंकत नाही.
पण पडली नव्हती.

स्पिरिटचा बोळा माझ्या हातात होता.
दिवसभरातलं सगळ्यात सोपं काम,
एक फटका, बस.

"गेले मरे?" बाकावरून लिगोरबाबांनी विचारलं,
मान न वळवता.

मी तिसऱ्यांदा हाऽ केला,
आणि बोटाने, साबणाने सुरकुतलेल्या,
कोपऱ्यातल्या घरात फुली काढली.
"गेले," म्हटलं.

मग ते उठून आले. चष्मा पुसला.
चारी बाजूंनी फिरून बघितलं, मागच्या डाव्या काचेशी
जरा जास्त थांबले, की मलाच वाटलं.
उन्हात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
मंजुनाथने काच नाहीच समजून
हात आत घातला आणि बोटं ठेचून घेतली.

सांगे डोंगराच्या पायथ्याशी आहे.
तिकडे थंडीत, पहाटे,
गाडीत माणसं बसली की
काचा आतून भरतात.