दुसरा शुक्रवार

डुलुथमध्ये फेब्रुवारी म्हणजे
गोठलेल्या सरोवराच्या पाठीवर उभ्या पिकअप गाड्या,
बर्फाला भोक पाडून माशांची वाट बघत बसलेली माणसं,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी,
पट्टी, पेन्सिल, खोडरबर.

बावीस वर्षं या गावाच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली.
कुठली बस कुठल्या चढावर घसरणार,
किती मिनिटं उशीर आधीच धरायचा,
मला झोपेत उठवून विचारा.
पण अच्युत, तुझं हे बेट
कुठल्याच रकान्यात बसेना.

त्याचं नाव अजून आपल्याला धड म्हणता येत नाही.
तू म्हणतोस तेव्हा एखाद्या पक्वान्नासारखं वाटतं,
मी म्हणते तेव्हा शिंकेसारखं.
नकाशावर मी खसखशीचा दाणा म्हणून झटकायला गेले,
तेच होतं.

घोडं अडलंय ते इथं:
सोमवार, बुधवार, शुक्रवार
तू मशीनचा.
सात वर्षं. टेकडीवरचं सेंटर, खिडकीजवळची खुर्ची,
दोन सुया, चार तास,
आणि वजनकाट्याशी उभी मार्लिस,
"आज किती पाणी चोरून आणलंस?"

बेटावर मशीन नाही.
विमान आठवड्यातून दोनदा.
म्हणजे शुक्रवारी ऑकलंडला सुया,
शनिवारी उड्डाण,
सोमवारी परत, उतरल्या उतरल्या सुया.
मधे दोन रात्री.
तेवढ्यासाठी अर्धी पृथ्वी.
लेक फोनवर म्हणाली, "आई, आधीच उल्हास..."
पुढचं तिला आठवेना.
इथंच वाढलेली.

तुझे प्रश्न वेगळेच.
"शहाळं?"
नाही. पोटॅशियम.
"केळं?"
तेच.
"मग शहाळं नुसतं हातात धरून फोटो?"
बरं, धर.
दिवसाला चार कप पाणी मोजून पिणारा माणूस
निघालाय कुठं, तर
जिथं पाण्याशिवाय काहीच नाही.

काल भर दुपारी खोलीसाठी फोन लावला.
तिथं सकाळ. आधी कोंबडा, मग एक बाई, मग पुन्हा कोंबडा.
म्हटलं, शनिवारी पोहोचतो.
"शनिवारी निघाल," ती म्हणाली, "पोहोचाल शुक्रवारी.
मधे रेघ आहे ना."
शेजारीण सांगते ना, मधे ओढा आहे, जपून या,
तशी.

मी पट्टी खाली ठेवली.
आयुष्यभर रेघा मारल्या
आणि समुद्रातली एवढी लांबलचक रेघ
माझ्याच नजरेतून निसटली.
शुक्रवार सुयांना देऊन निघायचं,
आणि विमानाचं दार उघडतं तर
पुन्हा शुक्रवार.
कोरा.
मार्लिसनं सही न केलेला.

ठाऊक आहे मला,
शरीर असल्या हिशेबाला भुलत नाही.
रक्ताला तारखा वाचता येत नाहीत.
आणि परतताना ती रेघ
दिलेला दिवस चोख काढून घेते,
अर्धा वापरलेला रविवार हातातच राहतो.
तरी.

आपल्याकडे परवा म्हणजे
होऊन गेलेलाही आणि यायचा असलेलाही.
शाळेत असताना मला हा भाषेचा आळस वाटायचा.
आता वाटतं, कुणीतरी पोक्त माणसानं
मुद्दाम तसा ठेवला असेल,
एकाच शब्दात जायचं-यायचं तिकीट.

तुला सांगितलं तेव्हा तू मोजे चढवत होतास,
सेंटरला जायची वेळ झालेली.
एक मोजा हातात तसाच धरून
बराच वेळ बर्फाकडे बघत राहिलास.
मग म्हणालास,
"मार्लिसला यातलं बोलू नकोस हं.
ती तिथंही खुर्ची मांडेल."