झाकणाच्या आतली बाजू

कालामात दुपारी वारा सुटतो
आणि खाणीचा डोंगर थोडा थोडा गावात येतो:
वाळत घातलेल्या चादरींवर, पावाच्या पाठीवर, दातांत.
कागदी फिल्टर इथे दोन महिने पुरतो.
सात हजार पेसोंना एक, वर्षाचे सहा.
मी हिशेब पावाच्या पिशवीवर केला
आणि धुऊन वापरायचा घेतला, बारा हजारांना.
लाल, शंकूसारखा. जन्मभर टिकेल, दुकानदार म्हणाला.
कोणाच्या जन्मभर, ते विचारायचं राहिलं.

माझी निस्सान तेवीस वर्षांची.
चार प्रवासी, एक मी, ठरलेला रस्ता:
बाजार, दवाखाना, कबरस्तान, परत बाजार.
गावच दोन हजार मीटरवर,
हवा माणसालाच उधारीवर मिळते,
तर इंजिनाला कोण विचारतो.

रविवारी भाचा आला, येर्को,
तांत्रिक शाळेत दुसऱ्या वर्षाला, नखं आधीच काळी.
फिल्टरचं तोंड मोठं, नळी लहान.
जोडाचा तुकडा आठ हजारांचा; तो काही मी घेतला नाही.
पीचचा डबा घेतला, फोडी आधी खाल्ल्या,
पाक येर्कोने डब्यातूनच प्याला,
मग दोन्ही बुडं कापून, कडा हातोडीने मोडून,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, दोन क्लॅम्प.
बसला. हलवून पाहिला. बसलाच होता.

मग जुना डबा काढला. काळं प्लास्टिक, चार चापांचं.
कॉम्प्रेसरवाला नेहमी घाईत हवा मारून परत लावायचा,
झाकण उलटं करून कोणी पाहिलं नव्हतं.
तळाशी लालसर पीठ, पतंगाचा एक पंख,
आणि झाकणाच्या आतून पांढऱ्या खडूपेन्सिलीने,
नीटस, शाळामास्तरासारखे आकडे.
फिल्टर बदलला की तारीख, पुढे किलोमीटर.
शेवटची ओळ: दोन लाख सत्त्याण्णव हजार.

मी गाडीत जाऊन मीटर पाहिला.
एक लाख अठ्ठ्याऐंशी.
त्यातले सत्तेचाळीस तर माझेच.

दोन निबाल्दो म्हणाले होते,
फक्त रविवारी चर्चला जायची हो ही.
एवढी चर्चं या वाळवंटात नाहीत.
कुठे पाणी मुरतं म्हणतात; इथे पाणी कुठलं,
इथे धूळ मुरली होती, तारीखवार.
आकडे मागे फिरवणारा हात
झाकण पुसायला विसरला.
की पुसवलं नाही? एवढं सुंदर अक्षर.

येर्को शिव्या देत होता. मला हसू येत होतं.
तीन लाख चव्वेचाळीस हजार! आणि मी हिला
चढावर रडते म्हणून आळशी म्हणत होते.

चालू केली. आवाज बदलला,
नुसतं पाय ठेवला तरी आत कोणीतरी मोठा श्वास ओढतं.
येर्को म्हणाला, ताकद वाढली.
ताकद काही वाढली नाही.
उलट दुपारी गरम हवा ओढून मलूल व्हायची;
तेलाचा डबा कापून मध्ये पत्रा उभा केला
तेव्हा कुठे पूर्वीसारखी झाली.
एवढ्या खटपटीनंतर पूर्वीसारखी.
वर्षाचे तीस हजार मात्र वाचले, आणि पीच गोड होते.

झाकण टाकलं नाही. घरी खिळ्याला टांगलंय.
शेवटच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहिली,
खरा आकडा, माझ्या वाकड्या अक्षरात.

गेल्या गुरुवारी दवाखान्यापाशी दोन निबाल्दो चढले.
पुढे बसले, टोपी मांडीवर.
थोड्या वेळाने म्हणाले, आवाज नवा वाटतो.
म्हटलं, फिल्टर बदलला. जुना डबा उघडावा लागला.
आरशात पाहिलं नाही, रस्ता वळणाचा होता.
किती झाले आता, त्यांनी विचारलं,
असं, की सहज.
एक लाख नव्वद, मी म्हणाले.

कबरस्तानाच्या आधीच्या कोपऱ्यावर ते उतरले.
दोन हजारांची नोट दिली
आणि सुटे न घेताच गेले.