शर्टाचा सव्विसावा भाग

पहिल्या दिवशी कापड नव्हतं,
दोराही नव्हता.
हेडाऊ मॅडमनी प्रत्येकीच्या हाती एक कागद दिला,
त्यावर छापलेल्या रेषा. आधी सरळ, मग काटकोनी,
मग शंखासारखी आत आत जाणारी एक.
म्हणाल्या, यावरून नुसती सुई चालवा.

मी तांडापेठेत अठरा वर्षं ब्लाउज शिवले.
लग्नसराईत एका रात्रीत सात.
माप घ्यायची गरजच पडायची नाही,
बाई दारात चपला काढेपर्यंत
तिचं अंग माझ्या डोक्यात कापून तयार.

आणि ही पॉवर मशीन.
पायडलवर अंगठा टेकवला फक्त,
तर कागद घेऊन पळाली, बाप्पा,
लकडगंजात ब्रेक सुटलेल्या ट्रकसारखी.

शेजारच्या नाझमीनची ओळ सरळ.
वय एकोणीस, मोमिनपुऱ्यातून सायकलनं येते,
साधी तुरपाईही कधी केली नव्हती तिनं.
"काकू, तुमचा पाय झुलून राहिला."
खरं होतं. घरची मशीन पायाची.
त्याच पायानं मी ब्लाउजही शिवले
आणि शेजारी टांगलेला पाळणाही हलवला,
वेगळा ताल शिकायला सवड कधी होती?

मे महिना. कूलरचं पाणी संपलं
की हॉलमध्ये खसाचा वास उरायचा, मशीनच्या तेलाचा,
आणि कोणाच्या तरी डब्यातल्या आंब्याच्या लोणच्याचा.
भिंतीवर तक्ता, एका शर्टाची सव्वीस कामं:
कॉलर उलटवणे, कॉलर बसवणे, खिसा दुमडणे,
प्रत्येकापुढे सेकंद.
मॅडम मागे उभ्या, हातात स्टॉपवॉच.
माझा खिसा एकाहत्तर.
हवा होता पंचेचाळीस.

रात्री मुलाला म्हटलं,
मी आता शर्ट नाही शिवत रे,
शर्टाचा सव्विसावा भाग शिवते.
"मग पगारही सव्विसावा?"
दोघंही हसलो. माझं हसू जरा लवकर थांबलं.

एका दुपारी मापांचा तक्ता आला,
एस, एम, एल.
आम्ही एकमेकींना टेप लावली.
चोवीस जणी, गुदगुल्या, खिदळणं,
आणि एकही पुरती एम निघेना.
"मग हे माप आहे कोणाचं, मॅडम?"
त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"कोणाचंच नाही.
म्हणून तर सगळ्यांना थोडं थोडं बसतं."

बुटीबोरीच्या कंपनीनं अकरा जणी निवडल्या.
नाझमीनचं नाव सगळ्यात वर.
माझं शेवटी, तपासणीच्या टेबलासाठी.
पुढे मॅडमच्या अक्षरात पेन्सिलीनं:
हात हळू. नजर सोडू नका.

जायच्या आदल्या रविवारी गिरजा बारापात्रे आली
ब्लाउजपीस घेऊन.
मी टेप काढली तर रुसलीच.
"मले का तू आज पहिल्यांदा पाहून राहिली?"
तरी मापलं.
डावा खांदा अर्धा इंच खाली.
इतकी वर्षं सावजी खानावळीचे डबे
ती एकाच खांद्यावरून पोचवते, गोळीबार चौक ते गांधीबाग.

तिचा जुना ब्लाउज मागून घेतला, उसवला.
डावी बाजू अर्धा इंच उतरती कापलेली.
माझीच कात्री.
मला ठाऊक होतं
हे मला ठाऊक नव्हतं.

वहीत लिहिलं: गिरजा, डावा खांदा, अर्धा इंच.
तिनं वाचून पाहिलं, म्हणाली,
"हे नको लिहू, डॉक्टर वाटते तू."
शिलाई मात्र जुन्याच भावानं दिली.

साडेसहाच्या बसमध्ये
नाझमीननं खिडकीची जागा धरून ठेवली होती.
उन्हं नुकती वर येत होती.
चहाच्या टपऱ्यांवर उभी माणसं, पाठमोरी,
त्यांचे खांदे बघत गेले मी पार बुटीबोरीपर्यंत.
एकही एम दिसला नाही.