एक्केचाळीस दरवाजे

पहिल्या अल्बमात आम्हाला घाई होती.
सात गाणी, सत्तावीस मिनिटं.
जळगावच्या गोलाणीत एका मोबाइलवाल्यानं
पेनड्राइव्हवर भरून दिली,
आणि लीलाधरच्या आत्याखेरीज
कुणी ती सलग ऐकली
असं पुराव्यानिशी सांगता येत नाही.

दुसऱ्यात गाणं एकच.
मध्ये थांबा नाही. एक्केचाळीस मिनिटं,
कारण हतनूरला दरवाजे तेवढे.
मिनिटाला एक उचलायचा, तोही दोन बोटं.
धरण कधी धाडकन उघडत नाही.
आधी भोंगा,
मग पाणी, विचार करून आल्यासारखं.
डूम मेटल म्हणजे काय, विचारणाऱ्यांना
आम्ही एवढंच सांगायचो. बँडचं नाव गाळपेर.
त्याचा अर्थ इकडे कुणाला सांगावा लागला नाही.

मी मालगाडीची गार्ड.
अठ्ठावन्न वाघिणींच्या मागं, शेवटच्या डब्यात एकटी.
इटारसीकडची एक्सप्रेस पुढं काढायची असली
की आम्हाला निंभोऱ्याला लूपवर घेतात,
तासन् तास.
मग केव्हातरी तिकडं इंजिन हलतं
आणि तो धक्का माझ्यापर्यंत पोचायला
अख्खं एक वाक्य जातं,
खटक, खटक, कप्लिंगामागून कप्लिंग,
मला शोधत.
लीलाधरला म्हटलं, ह्या वेगानं वाजव.
तो म्हणाला, हा वेग नाही, हे वाट बघणं आहे.
म्हटलं, तेच.

सूर कैसरच्या घरून आला.
त्याच्या अब्बांचं पिंजण, माणसाहून लांब,
बारा वर्षं खुंटीवर.
गाद्यांचा कापूस आता मशीन पिंजतं.
उतरवलं, पुसलं, तातीवर एक ठोका दिला.
हवेत काहीच नाही.
मग बरगडीत.
दोन्ही गिटारी आम्ही तिथवर खाली आणल्या,
इतक्या, की उन्मेष म्हणाला,
ही तार नाही, कपडे वाळत घालायची दोरी आहे,
आणि महिन्याभरात पुण्याला गेला.
(कारण ते नव्हतं. नोकरी होती. तरी.)

रेकॉर्डिंग सावद्याला,
लीलाधरच्या मामाच्या केळी पिकवायच्या खोलीत.
भिंतीत वीतभर थर्माकोल, दार फ्रिजचं असावं तसं.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
आत मागच्या घडांचा हिरवा वास.
मामानं चार रात्री दिल्या, पाचव्या दिवशी माल येणार.
जाता जाता म्हणाला,
केळीला घाई केली तर साल पिवळी होते,
मधात गाठ राहते.
आमच्या पहिल्या अल्बमबद्दल
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

कैसरनं शब्द लिहिले अकरा.
अल्बमभर अकरा?
मला वाटलं, आता नदीबद्दल काही खोल सांगेल.
म्हणाला, घसा बसतो गं.

चौथ्या रात्री, एकतिसाव्या मिनिटाला
लाइट गेली.
अॅम्प मेले. रेकॉर्डर तेवढा बॅटरीवर.
लीलाधर थांबला नाही.
अंधारात एक झांज,
खूप वेळानं पुन्हा तीच झांज.
कैसरनं चाचपडत पिंजण उचललं.
मी मुक्या बासवर बोटं चालवत राहिले,
सिग्नल कधी पडेल ते
मागच्या डब्यातून दिसत नसतं.
दहा मिनिटं. दहा दरवाजे.
घाम कोपरावरून तारेवर.

तेच ठेवलंय.
नाशिकहून मास्टरिंगवाल्याचा फोन,
ताई, फाइल बिघडली, एकतीसनंतर आवाजच नाही.
म्हटलं, आहे.

अब्बांनी सगळा ऐकला, खाटेवर बसून,
हेडफोन उलटे घालून.
पापणीखेरीज काही हललं नाही.
मग कैसरला म्हणाले,
"तात ढिल्ली पडेल होती."
"कुठं?"
"सुरूपासून."

आणि हात पुढं केला,
दे इकडं, म्हणून.