प्रश्न चार, ब

परभणी, एप्रिल. कूलर
वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो.
'अमेरिकेच्या १८०७ च्या जहाजबंदीचे परिणाम सांगा.'
गुण पाच. आदर्श उत्तरात तीन मुद्दे.
या पोरानं, की पोरीनं,
एकही लिहिला नाही.

'इंग्लंड आणि फ्रान्स भांडायलेत,
मधल्यामधी ह्यांची जहाजं धरायलेत.
मग ह्यांनी आपलंच बंदर बंद केलं.
सर, आमच्या गावात दोन डेअऱ्या,
एक सोनपेठची, एक गंगाखेडची.
दोघी म्हणल्या, तिकडं घातलं तर इकडं येऊ नका.
ग्रामसभेनं ठराव केला, कुणालाच घालायचं नाही.
नऊ दिवस दूध घरात.
आधी खवा झाला, मग नुसतंच दही,
मग कुत्रीबी तोंड फिरवायलीत.
डेअऱ्यांनी सेलूकडून दूध आणलं,
त्यांचं काही अडलं नाही.
दहाव्या रात्री सरपंचाचाच भाऊ
गाडीला कॅन बांधून, लाईट बंद करून'

इथं पान संपतं. पुरवणी जोडलेली नाही.

समोरून मुदस्सिर सर चष्म्यावरून बघतात,
'काँग्रेस नाही, अध्यक्ष नाही, कलम नाही.
शून्य टाका मॅडम, गठ्ठे पडलेत.'

एकोणीस वर्षं मी हा धडा उतरवून देते.
धक्क्याला कुजणारे दोरखंड,
सीमेवरून अंधारात सरकणारी पिंपं,
सगळं एका ओळीत : 'तस्करी वाढली.'
तिला कधी आंबूस वास आला नव्हता.

साडेतीन लिहिते. खोडून चार.
सही करते.
आणि उत्तरपत्रिका परत जात नसते हे ठाऊक असून
समासात पेन्सिलीनं विचारते :
मग, सापडला का?