सेन्सर

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
शुक्रवारी आम्ही सहाजण बसतो.
आडनावं खाली, चपलांपाशी.
माझी पाळी आली तेव्हा
एसीबद्दलच बोललो. दुसरं येतं काय मला?

म्हटलं, कधीकधी सेन्सर जातो.
खोली गारठते, काचेला पाणी सुटतं,
पण आत कुणाला कळतच नाही.
कॉम्प्रेसर ओढत राहतो. अजून. अजून.
बाहेरचे म्हणतात, काय दणक्यात चालतोय!
दणका कसला,
त्याला थांबता येत नसतं.

बॉस्को हसला नाही.
माझा मोबाईल त्याच्याच कपाटात आहे,
बदल्यात बटणांचा दिलाय,
सापाचा गेम असलेला.

अकरा ते दोन कठीण.
पगार जायचा त्या तीन तासांत,
आणि सकाळी हेमांगीशी बोलताना
कोपऱ्यातल्या चौकटीत दिसणारा मी
मला बघवायचा नाही.
आता उठतो. धुतलेलाच शर्ट पुन्हा धुतो.
बंदराच्या धक्क्यापर्यंत चालत जाऊन येतो,
घामाने भिजून, मुकाट.

एकेचाळीस दिवस झाले.
मध्ये एकदा घसरलो,
म्हणजे खरं तर नऊ.

तिला सांगितलं, त्याच फोनवरून.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "पैशांचं राहू दे.
खोटं किती वर्षं?"
सात.

फोन ठेवला नव्हता तिने.
मागे कुकर शिट्ट्या देत होता.
पाच झाल्या, सहा झाल्या,
तिने गॅस बंद केला नाही.