आवक-जावक

राजीनामा मंगळवारी आला. आवक क्रमांक चारशे बारा.
जाहिरात शुक्रवारी गेली. जावक तीनशे नव्वद.
मधल्या बुधवारी लाइन नव्हती,
गुरुवारी पोळा.

अटी मीच टाइप केल्या होत्या, भर उन्हाळ्यात.
देवमनराव तेव्हा मंडळावर, पंख्याखालच्या खुर्चीत.
'प्रशासकीय अनुभव पंधरा वर्षं. नेट ऐच्छिक.'
सदरा कोणाच्या मापाचा शिवतोय,
ते गळा बेततानाच कळायला हवं होतं.

ठेल्यावर आता दोन बाकं, दोन तट.
'काऊन नाई? जमीन त्यानं देल्ली, बोअर त्यानं मारली,
नाईतं उपकेंद्र अकोल्याच्या इकडं आलंच नसतं.'
'मंग बोअरले लाव ना त्याच्या नावाची पाटी!
संचालकाची खुर्ची कायले?'
उकंडा खर्रा घोटता घोटता बोलला,
'ज्यानं पेपर काढला, तोच पह्यला आला.
हुशारच म्हना मानूस.'

इंगोले मॅडम त्या बाकांवर बसत नाहीत.
अकरा वर्षं तासिकेवर, पैसे मार्चपासून थकलेले.
त्यांचा अर्जही माझ्याचकडे आला होता,
चारशे एकोणतीस, कोपऱ्यावर हळदीचं बोट.
पोच घेताना म्हणाल्या,
'यंदा तरी होईल ना हो काही?'
मी शिक्का जरा जोरातच मारला.

आज रुजू अहवाल आला. सही ओळखीची.
घरी ट्रंकेत, माझ्या नेमणुकीच्या कागदावर
अशीच आहे, शेपटीखाली दोन ठिपके.
तेव्हा जाहिरात निघाली होती का,
आठवत नाही.

नोंद केली. शाई पुसट उमटली.
पुन्हा गिरवली.